बरगीच्या काठावरचे चक्रवाक

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो; बायकोलाही मी हे पुरतं सांगितलेलं नाही.

नागपूरहून बदली होऊन मी जबलपूरला आलो, तेव्हा बँकेच्या ओमती शाखेत प्रतिमाताई होत्या. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या. पक्षी बघायचं वेड त्यांनीच मला लावलं. ऑक्टोबर लागला की उत्तरेकडून चक्रवाक बरगी धरणाच्या पाण्यावर उतरतात. ते पाणी एवढं पसरलेलं, की पलीकडचा काठ दिसत नाही आणि वारा सुटला की समुद्रासारख्या लाटा येतात. तिथे बसून आम्ही दोघं पक्षी मोजायचो. मागच्या वर्षी मी गावी गेलेलो असताना ताई तिथेच बुडाल्या. पाय घसरला, असं काठावरच्या फार्महाउसच्या भय्यासाहेबांनी पोलिसांना सांगितलं. पाहणारे तेवढे एकटेच होते.

यंदा मोजणीला मी एकटा गेलो. दुपारचे चार वाजले असतील. इतके दिवस काहून आला नाहीस, म्हणून भय्यासाहेब लटके रागावले. पाण्याकाठी दोन खुर्च्या मांडून स्वतः चहा घेऊन आले. साठीचा, गोरागोमटा, बोलका माणूस. वारा उत्तरेचा होता, जोरात. त्याला ओल्या शेवाळाचा आणि माशांचा वास येत होता.

साडेचारला थवा आला. नारिंगी अंगाचे एक्केचाळीस चक्रवाक, समोरच्या उथळ पाण्यात उतरले. मी आकडा लिहिला आणि मग माझ्या लक्षात आलं, की ते ओरडत नव्हते. वाऱ्यात बसलेला पक्षी तोंड वाऱ्याकडे करतो, नाहीतर पिसं उलटी होतात. या सगळ्यांनी वाऱ्याकडे पाठ केली होती. पिसं विस्कटत होती, तरी एकही हलेना. सगळे आमच्याकडे बघत होते.

मी दुर्बीण भय्यासाहेबांकडे दिली. ते बराच वेळ बघत राहिले. चहा तसाच निवला.

“त्यांच्यामधे... ती बाई कोण उभी आहे?” त्यांनी हळूच विचारलं.

मला कोणी दिसत नव्हतं. तसं मी म्हणालो. त्यांनी दुर्बीण खाली घेतली, पण नजर तिथेच होती. मग ते बोलायला लागले. माझ्याशी नव्हे. मेजवानीसाठी पक्षी धरायला त्यांनी पाण्यात जाळी लावली होती. ताई ती कापायला उतरल्या आणि त्यांचाच पाय जाळ्यात गुंतला.

“हाक मारून राहिल्या होत्या तुम्ही, प्रतिमाजी,” ते म्हणाले. “मी ऐकलं. तुम्ही सबको बता देतीं... म्हणून मी दार लावून घेतलं.”

ताई बुडत होत्या आणि हा माणूस आत बसून ऐकत होता.

ते उठले आणि चपलांसकट पाण्यात शिरले. गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. मी धावलो, मागून त्यांचा दंड धरला. त्यांना ओढणारं काहीतरी माझ्याहून जोरदार होतं, पण माझी पकड पक्की होती. मी त्यांना काठाकडे दोन पावलं आणलंही होतं. हे मी पोलिसांना सांगितलं नाही.

तेवढ्यात माझ्या कानाशी, अगदी शांतपणे, कोणीतरी म्हणालं, “सोड, सुमेध.”

आवाज ताईंचा होता की माझ्याच मनातला, आजही सांगता येत नाही. मी सोडलं. हात सुटला नाही, मी सोडला.

ते ओरडले नाहीत. समोरच्या पाण्यात, जिथे पक्ष्यांचे पाय टेकत होते, तिथे त्यांचं डोकं आत गेलं. मग एक्केचाळीस चक्रवाक एकदम उडाले आणि वारा पडला. मी काठावर बसून राहिलो. मला रडू आलं नाही. खरं सांगायचं तर, बरं वाटत होतं.

तीन दिवस पाणबुड्यांनी ती जागा पालथी घातली. चौथ्या दिवशी देह तिलवारा घाटावर मिळाला, धरणाच्या खाली कितीतरी किलोमीटरवर. देह तिकडे गेला कसा, हे एकच पोलिसांनी मला तीनदा बोलावून विचारलं, कारण त्यांनाही ते उमगेना. मधे धरणाची भिंत आहे. वीजघराच्या तोंडाशी लोखंडी गज आहेत, त्यांतून मोठा मासाही जात नाही. आणि यंदा धरणाचे सगळे दरवाजे सप्टेंबरपासून बंद होते.