मानसिंगचा उजवा पाय

मला गावात थापाड्या नानासो म्हणतात. म्हणू द्या. विहिरीतल्या मगरीची गोष्ट मी रचलेली होती, आणि तुम्ही ती आवडीनं ऐकलीत.

ही रचलेली नाही.

१९९९ सालचा सव्वीस जानेवारी. रहिमतपूरजवळचं आमचं गाव, शाळेचं पटांगण. सकाळची वेळ, लख्ख ऊन. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती.

म्हणूनच जास्त भीती वाटते...

मानसिंग माझा वर्गमित्र. फौजी. शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत असताना सुरुंगावर त्याचा उजवा पाय गेला. गुडघ्याखाली काही उरलं नाही. त्याच दिवशी, त्याच ठिकाणी गावातलाच जोतिबा मारला गेला. जोतिबाच्या बायकोला, विजयमालावहिनीला, मानसिंगनं घरी येऊन सांगितलं, "शेवटपतूर त्याच्याजवळ हुतो, वैनी."

त्या एका वाक्याच्या आधारावर ती बाई इतकी वर्षं उभी होती.

गावानं मानसिंगचा सत्कार ठरवला. शाल वहिनीच्या हातून. तसा तो माझ्या गॅरेजात आला.

"नानासो, मला कुणी बखोटीला धरून न्यायचं न्हाई. माजी जीप मीच चालवत जाणार."

"अन् अ‍ॅक्सिलरेटर काय कुबडीनं दाबणार?"

"त्ये तू बघ की! मेस्त्री कशाला झालायस मग?"

शिरवळजवळ उलटलेल्या एका परदेशी गाडीचं इंजिन मी भंगारातून आणलं होतं. गिअर आपोआप पडायचे, त्यामुळं क्लच नाही. आणि त्याच्या अ‍ॅक्सिलरेटरला केबलसुद्धा नाही! पेडलच्या मुळाशी सेन्सर. पेडल किती दाबलं ते तो विजेच्या इशाऱ्यानं कॉम्प्युटरला कळवतो, तेवढंच इंजिन जोर धरतं. त्यातही गंमत म्हणजे सेन्सर एक नाही, दोन. दोघं आपापली खबर देणार. दोघांचा मेळ बसला तरच कॉम्प्युटर विश्वास ठेवणार. वायर तुटली, पाणी शिरलं, की मेळ बिघडतो आणि इंजिन नुसतं घुरघुरत बसतं.

एवढं लक्षात ठेवा.

ते सगळं मी मानसिंगच्या जीपमध्ये बसवलं. पेडल खाली होतं तिथंच ठेवलं. ते दाबायला स्टिअरिंगजवळ हाताचा दांडा दिला. ब्रेक डाव्या पायानं.

पहिल्या दिवशी मानसिंग आत बसला. नकली पाय काढून मागं टाकलेला. इंजिन चालू, गिअर न्यूट्रलला. दोन्ही हात मांडीवर. मी खाली वाकून मीटरवर सेन्सर तपासत होतो.

बाहेर उसाच्या ट्रॅक्टरचा टायर फुटला.

धाड!

आणि माझ्या डोळ्यांसमोर पेडल खाली गेलं...

थेट तळापर्यंत. इंजिन किंचाळलं. दांड्याला कुणाचा हात नव्हता.

मग पेडल वर आलं. सावकाश. कुणी पाय उचलून घ्यावा तसं.

"मान्या, भूत बरूबर घेऊन आलास का काय रं?" मी हसलो.

तो हसला नाही. "वायरिंग बघ तुजं," म्हणाला.

बघितलं. मीटरवर दोन्ही सेन्सरांचा मेळ तंतोतंत होता. बिघाड असता तर बसला नसता. मीटरच्या म्हणण्याप्रमाणं पेडल कुणीतरी खरोखर दाबलं होतं...

मानसिंग उतरल्यावर मी हातोड्यानं पत्रा बडवला. काही नाही.

तो बसला, पत्रा बडवला, की पेडल खाली.

आणि एक खटकलं. एवढं सगळं व्हायचं, पण मानसिंग एकदासुद्धा खाली बघायचा नाही.

"मान्या, ही जीप न्यायची न्हाई."

"शाळंत कुटला टायर फुटतुय? गप बस."

सव्वीस तारखेला मी त्याच्या शेजारी बसलो. तो ताठ, नकली पाय मागच्या सीटवर. कोटावर पदकं. जीप पटांगणात शिरली तशी पोरं ओरडली, गाव उभं राहिलं. वहिनी शाल घेऊन पुढं आली.

तेवढ्यात कुणीतरी हौसेनं फटाक्यांची माळ लावली.

पेडल तळाला गेलं...

वहिनीच्या पदराला घासून जीप वळली आणि पळाली. फाटकातून, सडकेनं, थेट ओढ्याकडं. मानसिंगचा डावा पाय ब्रेकवर होता. मी बघितला. सगळा भार टाकून तो ब्रेक दाबत होता, तरी जीप थांबेना, शेजारचं पेडल वर येईना.

मागं माळ विझली. पेडल सुटलं. ओढ्याच्या काठावर जीप थांबली.

मानसिंगनं इंजिन बंद केलं. डावा पाय बाहेर काढून मातीवर टेकवला. मान खाली घातली.

"नानासो... त्यो पाय म्होरं जाताना तुटला न्हाई."



"जोतिबाला गोळी लागलीती. हाका मारत हुता. मान्या, थांब रं. मान्या, थांब. अन् मी पळालो. पळता पळताच त्यो पाय सुरुंगावर पडला."

ऐकून माझेच कान तापले. पळाला तो, आणि तोंड लपवावंसं मला वाटत होतं. मी ओढ्याकडं बघत राहिलो.

शाळेकडं उरलेली माळ वाजली.

मी दार घट्ट धरलं.

अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल हललं नाही.

हललं ते शेजारचं, ब्रेकचं पेडल...

हळूहळू खाली गेलं. तळाला टेकलं. तिथंच राहिलं.

मानसिंगचा डावा पाय अजून बाहेर, मातीवर होता.

आता मात्र तो खाली बघत होता. पहिल्यांदाच.

"आता थांबून काय उपेग रं?"

हे तो मला म्हणाला नव्हता.

सडकेवर पावलं वाजली. विजयमालावहिनी धापा टाकत येत होती.

"आवं भावजी! लागलं न्हाई न्हवं कुटं? शाल राह्यली की तुमची!"

तिनं शाल उलगडली. मानसिंग अंग चोरून मागं सरला.

"वैनी, ती घालू नगा. आदी ऐका."

मी लांब जाऊन उभा राहिलो. काय बोलणं झालं ते ऐकलं नाही. परत जाताना ती माझ्याजवळून गेली, तेव्हा घडी मोडलेली शाल तिच्या हातातच होती.

गावाला मी सांगितलं, माझंच वायरिंग चुकलं. पोरं मला 'पळपुटा मेस्त्री' म्हणायला लागली. आयुष्यभर मारलेल्या थापांत तेवढी एकच अशी, जिची लाज वाटली नाही.

मानसिंग त्या जीपमध्ये पुन्हा बसला नाही. जीप माझ्या शेडमध्येच पडून राहिली. गेल्या उन्हाळ्यात तो गेला. तेराव्याला वहिनी म्हणाली, "सांगा आता लोकास्नी. पर पळाला एवढंच सांगू नगा. माज्या म्होरं येऊन बोलला, त्येबी सांगा."

म्हणून सांगितलं.

त्या तेराव्याच्या दिवशी घरी येऊन मी जीपवरची ताडपत्री काढली.

ब्रेकचं पेडल तळाला गेलेलं होतं...

स्प्रिंग नवी टाकली. दोन्ही हातांनी ओढलं. वर येत नाही. लोक म्हणतात, गंजलं असेल. असेल.

पण पेडल ओढताना लोखंड हाताला गार लागत होतं.

आणि त्याच्या वरची, पावलाएवढी रिकामी जागा... कोमट.