घडलेलं वाक्य

योगीराज बेंगळुरूच्या चिकपेट बाजारात आला होता तो पडद्याचं कापड घ्यायला. निपाणीचा हा मुलगा शहराच्या टोकाला, येलहंक्यात खोली घेऊन राहत होता, आणि सकाळचं ऊन थेट त्याच्या डोळ्यांवर यायचं. पण कापड राहिलं बाजूलाच. दुकानावरच्या माडीवरून पोरांचा मराठी गलका ऐकू आला, आणि त्याचे पाय जिना चढू लागले.

वर आठ-नऊ मुलं बसली होती, आणि त्यांना शिकवणारी निवेदिता. तिच्या पूर्वजांनी तीनशे वर्षांपूर्वी इथं बिऱ्हाड मांडलेलं. तिच्या मराठीला कन्नडचा गोड हेल होता. दारातल्या पाहुण्याच्या हातात तिनं एक कार्ड ठेवलं. त्यावर एकच शब्द : एकवटणे.

"फुकट बसायचं नाही इथं. वाक्यात उपयोग करा."

"शत्रू येताच सैन्य एकवटले," योगीराजनं पटकन सांगितलं. शाळेत पहिला नंबर असायचा त्याचा.

"कुठं बघितलं हो तुम्ही हे सैन्य?"

पोरं खिदळली. मग तिनं समजावलं, की या वर्गात वाक्य स्वतःच्या आयुष्यात घडलेलं लागतं. घडलेलं असलं तरच ती खाली लाल शाईनं 'घडले' असं लिहिते. अर्थ काय, कोशातही सापडतो. कार्ड त्याच्याकडेच राहू दे म्हणाली.

ते कार्ड खिशात घेऊन तो दर रविवारी येऊ लागला. बस, मग मेट्रो, मग तो जिना. ती मान वाकवून लाल पेन उघडायची, गजऱ्यातलं अबोलीचं एखादं फूल वहीवर पडायचं... आणि योगीराजच्या डोक्यातले सगळे शब्द पसार व्हायचे.

एका रविवारी तिनं सांगितलं, वर्ग बहुतेक बंद होणार. महिनाअखेर वीस मुलं झाली नाहीत, तर माडीचे मालक असलेले समाजाचे पंच ती कापडाच्या गोदामाला देणार होते. वर्ग गेला, तर हा जिना चढायला योगीराजला निमित्त तरी काय उरणार?

शेजाऱ्याशीही धड न बोलणारा तो, येलहंक्यात दारोदार फिरला. पुण्या-मुंबईहून आलेल्या आयांना गाठलं. निवेदितानं चिकपेटची जुनी घरं पालथी घातली. जुने नव्यांच्या मराठीला हसले, नवे जुन्यांच्या. शेवटच्या रविवारी मात्र जिन्यावर चपलांचे तेवीस छोटे जोड होते.

पोरं गेल्यावर तिनं हात पुढे केला. "कार्ड?"

त्यानं लिहून दिलं : 'वर्ग वाचवायला जुनी-नवी घरं एकवटली.' तिनं खाली 'घडले' लिहिलं, आणि कार्ड उलटं करून पुन्हा त्याच्यापुढे धरलं.

"मागं जागा आहे की अजून."

योगीराजनं पेन घेतलं. 'सगळं धैर्य एकवटून योगीराजनं निवेदिताला सांगितलं, की –' आणि हात थांबला.

"पुढं?"

"हे अजून घडलेलं नाही. तुमच्या नियमात बसत नाही."

ती जिन्याच्या वरच्या पायरीवर टेकली. पदर नीट केला. "सरी, बरं. मी स्वल्प थांबते, थोडंसं."

खाली बाजार गजबजला होता. योगीराज दोनदा खाकरला.

"वर्ग बंद पडला असता ना... तरी मी आलो असतो. दर रविवारी. तुमच्यासाठी."

तिच्या कानांच्या पाळ्या अबोलीच्या रंगाच्या झाल्या. तिनं कार्ड गुडघ्यावर ठेवलं, आणि त्या अर्धवट वाक्याखाली लाल शाईनं लिहिलं : 'घडले.'

मग जरा थांबून, शेजारी, बारीक अक्षरात – 'दोन्हीकडून.'