एकोणिसावा फ्रॉक

"आधी तो फ्रॉक काढा तिचा!"

कडुनिंबाच्या झोक्यावर भाचीला, छबीला झुलवणारी रजनी गर्रकन वळली. लुनावरून उतरलेला, घामानं निथळणारा एक अनोळखी तरुण… आणि बोलतोय काय, तर हे!

"कोण हो तुम्ही? आणि ही कुठली बोलायची रीत?"

"लीलाधर. हा फ्रॉक मीच विकलाय… म्हणून तर जीव टांगणीला लागलाय."

जळगावात त्याचं तयार कपड्यांचं इवलंसं दुकान होतं. आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणासाठी, गुलाबी जाळीचे एकोणीस फ्रॉक त्यानं विकले. परवा एकाला चुलीची ठिणगी लागली. आजीनं हंडाभर पाणी ओतलं म्हणून पोरगी वाचली. तेव्हापासून गडी दारोदार हिंडत होता. त्यानं खिशातून जाळीचा तुकडा काढून काडी लावली. भप्पकन जाळ! क्षणात तुकडा गायब. रजनीनं भाचीला झोक्यावरून खाली घेतलं.

पण तिची थोरली बहीण कुंदाबाई ऐकेल तर शपथ! आखाजीला माहेरी आलेल्या लेकीच्या पोरीला मामानं दिलेला कपडा परत करायचा? "माय व! असं कोनी करते का?" भाऊ गिरधरला भुसावळच्या नोकरीतून रजा मिळाली नव्हती, त्याच्याऐवजी हा फ्रॉकच घरी आला होता.

दुसऱ्या दिवशी लीलाधर पुन्हा हजर. रजनीनं फ्रॉक पेटीत दडवला होता, पण छबीनं घर डोक्यावर घेऊन तो परत अंगात चढवला होता. दिवसभर रजनी चुलीपाशी राखण करत बसली होती.

"डोळे लाल झालेत तुमचे," तो हळूच म्हणाला.

"धुरानं."

"…माझ्यामुळे."

"तुमच्यामुळे कशाला? दुसरा असता तर दुकानात गुपचूप बसला असता." बोलून गेली नि स्वतःच लाजली. तो मात्र पाण्याचा तांब्या हातात धरून पिणंच विसरला होता. त्या संध्याकाळी लुनाचा आवाज विरला, तरी ती अंगणातच उभी होती. वेडीच म्हणायची!

तिसऱ्या दिवशी सकाळी छबी भाकरीसाठी चुलीकडे धावली. झालर जाळापासून वीतभर राहिली, तोच रजनीनं तिला मागं ओढलं. कुंदाबाईनं पोरीला उराशी धरलं. लीलाधर सुती फ्रॉक घेऊन दारात आला, तेव्हा ती रडवेली झाली होती.

"घेते मी. पन परक्याचा कपडा आखाजीला पोरीच्या अंगावर नाही घालत आमी. मामाच्या नात्यानं द्या. बाकीच्या घरी कसं केलं?"

"अठरा घरी मामा झालो," त्यानं कपाळावरचं कुंकू दाखवलं.

"मंग अडलं कुठी? बसा पाटावर, ओवाळते."

कुंदाबाईचा भाऊ म्हणजे रजनीचाही भाऊ! ओवाळणीचं तबक घेऊन आलेली रजनी दारातच थबकली. तिला वाटलं, आता हा बसणार… बसायलाच हवं, पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे.

लीलाधर पाटापर्यंत आला आणि थांबला.

"अक्का, तुम्ही म्हणाल तर बसतो. पोरीपेक्षा मोठं काही नाही. पण इथं मामा व्हायला जीव होत नाही हो माझा…"

"मंग कोन होनार?"

त्यानं रजनीकडे पाहिलं. कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या बिचाऱ्याच्या.

"मावसा… चालेल?"

कुंदाबाईनं तोंडाला पदर लावला. रजनीनं तबक खाली ठेवलं, त्याच्या हातून सुती फ्रॉक घेतला आणि छबीसमोर गुडघे टेकले.

"हात वर कर गं राणी," ती म्हणाली, "मावशानं आणलाय."