चिंगीच्या नावचं रक्त

महिपती जातीचा संशयखोर. मळवली स्टेशनामागच्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात तो रक्त तपासायचा आणि भिंगाखाली दिसेल तेवढंच खरं मानायचा. एकोणीसशे अडतीसच्या भादव्यात भाजे गावाच्या वरच्या वाडीत हिवतापानं नुसता कहर मांडला होता. त्यावरच्या कोयनेलच्या गोळ्या मोजक्याच. रक्तात जंतू दिसल्याशिवाय एकही द्यायची नाही, असा वरून हुकूम.

शिपाई नथू वाडीवरून रक्ताच्या तीन काचा घेऊन आला. शिदूचं रक्त स्वच्छ होतं. बहिरूच्या तांबड्या पेशींत इथंतिथं जंतूचं एखादं जांभळं कडं. पण बहिरूच्या पोरीची, सहा वर्षांच्या चिंगीची काच पाहून महिपती चरकला. एकेका पेशीत दोन-दोन, तीन-तीन कडी. काही पेशी तर फुटूनच गेलेल्या.

"ही पोर हातची जाईल रे! कशी आहे?"

"म्या कुटं बघितली?" नथू म्हणाला. "रगात तिच्या आजीनं दिलं, सावित्राबाईनं. समद्या वाडीचं तीच देती. तापल्या मान्साचं रगात काढू देत न्हाईत तितं. दुसऱ्यानं नवस फेडला तर चालतो, तसंच ह्ये, म्हनं."

महिपतीचं डोकंच फिरलं. रक्त एकाच बाईचं, मग काचा तीन तऱ्हांच्या कशा? कोयनेल लाटायचाच डाव हा! त्यानं तिला बोलावणं धाडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती डोंगर उतरून आली, घामानं थबथबलेली. "भाऊ, गोळ्या द्या. पोर डोळं उघडंना."

"आधी बोट पुढं करा, मावशी."

"कुनाच्या नावचं?"

"तुमच्याच."

त्यानं काच वाळवली, रंगवली, भिंगाखाली सरकवली. सगळ्या पेशी कशा गोल, निरोगी.

"आता चिंगीच्या नावचं," तो कुत्सितपणे म्हणाला.

तेच बोट. सुई त्यानं स्वतः उकळली होती, काच स्वतः पुसली होती. तरी भिंगाखाली कडीच कडी, कालच्यापेक्षा जास्त. निम्म्या पेशी फुटलेल्या.

त्यानं भिंग पुसून पुन्हा पाहिलं.

"पटलं न्हवं? द्या की आता!"

कपाटाची किल्ली त्याच्या खिशातच होती. द्याव्यात गोळ्या, असं क्षणभर वाटलंही. पण आपण अशी फसगत करून घ्यायची? काहीतरी हातचलाखी होती खास.

"आणखी एकदा. चिंगीच्याच नावानं."

"किती येळ घालवताय, भाऊ!" तरी तिनं बोट पुढं केलं.

सुई आत गेली. रक्त आलं नाही.

त्यानं बोट दाबलं. पुन्हा टोचलं, खोल. कोरडं भोक तेवढं दिसलं.

सावित्राबाई बोटाकडं बघत राहिली. मग तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"आता बहिरूचं नाव घ्या," ती म्हणाली. "माजा ल्योक अजून हाय."

महिपतीनं सुई ताटलीत ठेवली. कसंबसं त्यानं नाव घेतलं.

सुई अजून ताटलीतच होती. बोटावर रक्ताचा टपोरा थेंब उभा राहिला.