पाड्याचा एकच ईमेल

परत आलेल्या ईमेलला मी घाबरत नाही. जव्हारच्या परिचारिका प्रशिक्षण केंद्रात माझं निम्मं आयुष्य त्यातच चाललंय. कोणी पत्त्यात डॉटऐवजी स्वल्पविराम देतो, तर कोणाची पेटी 'गुड मॉर्निंग'च्या फुलांनी भरून वाहते. ठाण्याला बदली होईपर्यंत ही फुलं निवडत बसायची, असं मी बायकोला सांगून ठेवलं होतं.

वर्षाचा मेल मात्र हट्टाला पेटला. खोडाळ्यापलीकडच्या पाड्यावरची ही मुलगी गुणांत पहिली आली होती. सोमवारी मूळ कागद घेऊन आली नाही, तर तिची जागा दुसऱ्याला जाणार होती. मी पत्ता उलटासुलटा तपासला, काही चूक नाही. तरी मेल परत: असा पत्ता अस्तित्वात नाही. तिचा फोनही बंद.

तिचा अर्ज खोडाळ्याच्या बाजारात गोरखच्या ऑनलाइन केंद्रातून भरला होता. त्याला फोन लावला.

"तो ढवळूबाबाचा ईमेल हाय, सर. सगळ्या पाड्याला तोच दिलाय."

"सगळ्यांना एकच?"

"मंग? दिवाळी झाली का पाडा भिवंडीला वीटभट्टीवर जातो. मागं बाबा एकटा. घरांच्या चाव्या, कोंबड्या, सगळं त्याच्याकडं. मंग ईमेल कोणाकडं ठेवायचा?"

मला हे पटलं, याचाच मला राग आला.

"बाबाला गाठून दे."

"बाबा भातकापणीच्या आधीच वारला, सर. नातवानं खातं बंद केलं."

म्हणजे कारण सापडलं. तरी बोटांच्या सवयीने मी पुन्हा मेल पाठवला. तो परत आला, या वेळी मराठीत: 'पत्ता आहे. माणूस नाही.'

कॉम्प्युटर हल्ली आपोआप भाषांतर करतो. बरं करतो, म्हणत मी चहा संपवला आणि आणखी एकदा पाठवला.

'सारखं पाठवू नका. सांगतो.'

मी कॉम्प्युटरच बंद केला.

मागे कोणीतरी राहिलं असेल म्हणून शनिवारी मोटारसायकल काढून पाड्यावर गेलो. सगळ्या घरांना कुलपं. ढवळूबाबाच्या ओट्यावरच्या खांबाला हिरव्या नायलॉन दोरीत ओवलेल्या चाव्या लटकत होत्या. एक मानेवर पिसं नसलेली कोंबडी माझ्याकडे साहेबासारखी पाहत होती. निरोप तिला द्यायचा का? पोरीचं वर्ष वाया जाणार, या विचाराने परतताना फार वाईट वाटलं.

सोमवारी केंद्र उघडलं, तर वर्षा दारात उभी. केसांत विटांची लाल धूळ, हातात कागद.

"तुला कोणी सांगितलं गं?"

"आज्याने. ढवळूआज्याने. भट्टीवर आला व्हता."

"अगं, पण तो..."

"माहीत हाय ना, सायेब. मीच रडले व्हते त्याला." तिने कागद पुढे केले. "सोमवारी जव्हारला जा, बोलला. लय चिडला व्हता. तो सायेब निजू देत नाय, बोलला."

मी कागद तपासले. प्रवेश दिला. शिक्का उलटा उमटला.

"अजून काय म्हणाला?"

"दमलाय आता. बोलला, सायेब बेस मानूस हाय. जागचा हालत नाय."

ती हसत वसतिगृहाकडे गेली. मला तिच्यासाठी खरंच आनंद झाला होता.

मग मी कॅलेंडरकडे पाहिलं.

त्याच्या खिळ्याला हिरवी नायलॉन दोरी होती. दोरीत पाड्याच्या चाव्या.

बदलीच्या अर्जाचं काय झालं ते बघायला मी मेल उघडला. पाय लांब केले, तर पायाला काहीतरी उबदार लागलं.

टेबलाखाली ती कोंबडी खुडूक बसली होती.