संध्याकाळचा कॉल

"माझ्या भावानं आप्पांना मारलं," ताई दारातच म्हणाली. "नेट बंद करून."

बाई खासगी तपास करायच्या. बाईंच्या बहिणीचा नवरा, म्हणजे भाऊजी, त्यांचा मदतनीस. भाऊजींचा संशय ताईच्या धाकट्या भावावर लगेच बसला. त्यांचा संशय नेहमी लगेचच बसायचा आणि मग काही केल्या उठायचा नाही.

घशाच्या ऑपरेशननंतर आप्पांना, म्हणजे ताईच्या वडिलांना, बोलता येत नव्हतं. टॅबवर चेहरा दाखवायचा, हातवारे करायचे, तेवढंच त्यांचं बोलणं. गेल्या आठवड्यात संध्याकाळी घरात एकटे असताना छातीत कळ आली. धाकटा कामावरून आला तेव्हा आप्पा खुर्चीतच गेले होते. मांडीवरच्या टॅबवर ताईला लावलेल्या कॉलचं चक्र अजून गोल फिरत होतं.

"मला कॉल आलाच नाही! राउटर त्याच्या खोलीत आहे. घर हवंय त्याला."

तिघं आप्पांच्या घरी गेले. राउटरचे सगळे दिवे हिरवे होते.

वरच्या मजल्यावरचा शिंपी म्हणाला, "मी यांच्याच वायफायवर असतो. त्या संध्याकाळी अख्खी मॅच पाहिली, एकदाही अडकली नाही."

"म्हणजे नेट चालू होतं!" भाऊजी म्हणाले.

"होतं. फक्त आप्पांना नव्हतं," बाई म्हणाल्या.

धाकट्याचे डोळे सुजलेले होते. "रोज संध्याकाळी टॅब आपटायचे. खुणेनं विचारायचे, ताई उचलत का नाही?"

"थापा मारू नकोस! दुपारी माझ्या जेवणाच्या सुट्टीत बरोबर लागायचा."

बाईंनी टॅब उलटा केला. मागे सशाचं स्टिकर होतं.

"माझ्या मुलाचा जुना," ताई म्हणाली. "राउटरही आमचाच. आम्ही नवा घेतला, हा इथे आणून जोडला. टॅबवर नेट आपोआप चालू झालं, पासवर्डसुद्धा विचारला नाही."

"आणि राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड? तो कुणाला माहीत आहे?"

"फक्त मला."

"टाका."

ताईनं टाकला. बाईंनी 'मुलांसाठी मर्यादा' हे पान उघडलं. तिथे एकच नियम होता. 'पिल्लूचा टॅब : संध्याकाळी चार ते आठ, नेट बंद.'

ताईचा हात तोंडावर गेला.

"मुलानं शाळेतून आल्यावर अभ्यास करावा म्हणून तुम्हीच लावला होता," बाई म्हणाल्या. "राउटर माणसं ओळखत नाही, यंत्रं ओळखतो. तो इथे आला, सोबत नियमही आला. म्हणून टॅब दुपारी चालायचा, संध्याकाळी अडायचा. शिंप्याच्या फोनवर नियमच नाही. आणि धाकट्याला या सेटिंगमध्ये शिरताच येत नाही."

भाऊजींना वाटलं, बाई थोडं खोटं बोलल्या असत्या तर काय बिघडलं असतं? बिघडलंच असतं. एका निर्दोष माणसाच्या गळ्यात जन्मभर बापाचा खून अडकला असता.

"तुला स्मशानात सगळ्यांसमोर खुनी म्हणाले रे मी," ताई खाली बसत म्हणाली. धाकटा तिच्या शेजारी जमिनीवर बसला.

"आप्पांना शेवटी काय वाटलं असेल? मीच उचलला नाही, असंच ना?"

"छे गं. नेटचाच घोळ आहे, हे ठाऊक होतं त्यांना," धाकटा म्हणाला.

कुणीही न सांगता खोटं ओळखण्याची भाऊजींची ती पहिलीच वेळ. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.