बंद वेळ

गाडी पूर्ण थांबली की इंजिन आपोआप बंद होतं आणि ब्रेकवरून पाय उचलला की पुन्हा सुरू होतं. माझ्या मोठ्या भावाने, निहारदादाने, पुण्याहून पाठवलेल्या गाडीतली ही सोय आमच्या घरी कोणालाच आवडली नाही. पहिल्याच दिवशी लवूकाका म्हणाले, "गाडी हा की म्हातारो? शंभर पावलांर दम खाता."

लवूकाका आणि बाबा, दोघांनी तीस वर्षं आचरा ते मालवण भाड्याची जीप चालवली. रस्त्यात इंजिन बंद पडणं म्हणजे ड्रायव्हरचा अपमान, एवढंच त्यांना ठाऊक होतं. ही सोय बंद करायला स्टिअरिंगच्या डावीकडे एक बटण आहे. पण चावी फिरवली की गाडी ते विसरते आणि पुन्हा तसंच वागते. म्हणून बाबा शेजारच्या सीटवर बसले की पट्टा लावायच्या आधी ते बटण दाबत.

"काल सांगितलेला आज इसारता," ते म्हणत. "तुझ्या आवशीसारखी."

"माका ऐकाक येता हां," आई दारातून ओरडत असे.

मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. पेट्रोल वाचतं की नाही ते मोजून दाखवते, असं मी बाबांना सांगितलं. महिनाभर त्यांनी बटणाला हात लावायचा नाही, असं ठरलं. मी एक वही केली. गाडी कुठे थांबली, फोनच्या घड्याळाप्रमाणे इंजिन किती वेळ बंद होतं, आणि गाडीच्या पडद्यावर 'बंद वेळ' किती दिसते, असे तीन रकाने. पहिल्या बावीस नोंदींत दोन्ही आकड्यांत कुठेही एका सेकंदापेक्षा जास्त फरक नव्हता.

बाबांच्या किडन्या दोन वर्षांपूर्वी निकामी झाल्या. सोमवारी आणि गुरुवारी मी त्यांना डायलिसिसला मालवणला नेत असे. दिवसाला फक्त एक लिटर पाणी. निघण्याआधी मी घरच्या काट्यावर त्यांचं वजन घ्यायची, तिथे पोचल्यावर किशोरी सिस्टर घ्यायच्या. दोन काट्यांत शंभर ग्रॅमचा फरक होता, तो मी लिहून ठेवला होता.

जानेवारीत तळेवाडीच्या व्हाळावर नव्या पुलाचं काम सुरू झालं. जुना अरुंद साकव तेवढा उरला होता, त्यामुळे एका वेळी एकाच बाजूची वाहनं सोडत. आमच्या बाजूला शेवंती नावाची बाई लाल आणि हिरवा बावटा घेऊन उभी असायची. डाव्या हाताला सुरंगीचं जुनं झाड आणि त्याच्या बुंध्यापासून पाण्यात उतरणाऱ्या जांभ्याच्या सात पायऱ्या. पलीकडे कांदळवन. ओहोटीला तिथे चिखलाचा वास येतो.

त्या सोमवारी सकाळी नऊ पन्नासला शेवंतीने लाल बावटा दाखवला. मी ब्रेक दाबला, इंजिन बंद झालं. इंजिन बंद झालं की बाहेरचे आवाज ऐकू यायला लागतात. इथे व्हाळाचा आवाज होता तोही थांबला. पायऱ्यांवरून पाणी वाहताना दिसत होतं.

हिरवा बावटा आला. मी पाय उचलला. इंजिन सुरू झालं आणि बाबा खिडकीकडे बघून म्हणाले, "येतंय हां."

"कोणाक सांगतास?"

"बसलेत ते. निघताना सांगूक नको?"

"कोण बसलेत?"

"मंडळी," बाबा म्हणाले, जसं ते लग्नाघरच्या लोकांना म्हणाले असते.

फोनवर एक मिनिट अडतीस सेकंद झाले होते. पडद्यावर बंद वेळ होती एक्केचाळीस मिनिटं.

मालवणला वजन घरच्यापेक्षा तीनशे ग्रॅमने जास्त भरलं. "गाडीत पाणी प्यायलात ना बाबा?" किशोरी सिस्टरनी विचारलं.

"पाणी नाय. पेज घेतलंय वायच. इतक्या मायेन देतत, नाय म्हणूक बरा दिसता?"

सिस्टर हसल्या. मी हसले नाही, पण घाबरलेही नव्हते. वहीत लिहिलं: पडद्यात बिघाड? काटा तपासणे.

गुरुवारी मी एक गोष्ट बदलली. इंजिन बंद होताच ब्रेकवरून पाय उचलला. चार सेकंदांत ते सुरू झालं. पडद्यावर तीन तास पंचवीस मिनिटं. इंजिनाचं तापमान दाखवणारं एक छोटं यंत्र मी लवूकाकांकडून आणून जोडलं होतं. थांबण्यापूर्वी तिथे नव्वद अंश होते. चार सेकंदांनंतर अडतीस. इंजिन खरोखर तेवढा वेळ बंद राहिल्यासारखं निवलं होतं. वजन आठशे ग्रॅमने जास्त.

पुढच्या सोमवारी सतरा तास पाच मिनिटं. त्या सकाळी बाबांची दाढी मी स्वतः करून दिली होती. साकव ओलांडल्यावर पाहिलं, तर गालांवर पांढरे खुंट होते.

वजन एक किलो नऊशे ग्रॅमने जास्त. किशोरी सिस्टरनी मला बाहेर बोलावलं. "हे पाणी कुठून येतंय मला माहीत नाही. पुढच्या वेळी याहून जास्त आलं तर फुप्फुसात जाईल. ते इथपर्यंत पोचणार नाहीत. कळतंय का?"

कळत होतं. दर खेपेला आकडा पाचपट होत होता. पुढचा असणार होता पंच्याऐंशी तास. म्हणजे डायलिसिसशिवाय आणखी साडेतीन दिवस, आणि त्या साडेतीन दिवसांची पेज.

घरी परतताना मी बाबांना विचारलं, थंय काय करतास?

"बसतंय. बोलतंय. जुनी माणसां आसत. गावाची नावां घेतत, काय काय माका म्हायत पण नाय."

"परत जावक नको, बाबा."

"असा कसा? येतंय म्हणान सांगलंय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमच्याकडे घरातून निघताना कोणी 'जातंय' म्हणत नाही. 'येतंय' म्हणतात. शाळेत, बाजारात, परगावी, कुठेही निघालं तरी. चालायला लागल्यापासून पोराला हे शिकवतात आणि चुकलं तर तिथल्या तिथे सुधारतात. बाबांनी दर वेळी निरोप घेतला होता. ऐकणाऱ्यांनी त्याला वचन धरलं होतं.

मसुऱ्यावरून लांबचा रस्ता होता. मी तोच धरणार होते. पण बाबा म्हणाले, "न सांगता तोंड चुकवन जावचंय नाय. तीस वर्सां पॅसेंजरांका फसवलंय नाय." दोन दिवस ते नीट जेवले नाहीत. शेवटी आमचं ठरलं. साकवावरूनच जायचं, पण बटण दाबून, इंजिन चालू ठेवून. तिथे बाबांनी खिडकीतून स्पष्ट 'जातंय' म्हणायचं. मग पुन्हा त्या रस्त्याला जायचं नाही. इंजिन बंद झाल्याशिवाय तिथे काहीच घडत नव्हतं, त्यामुळे मला यात धोका दिसला नाही.

गुरुवारी घरून निघतानाच मी बटण दाबलं. सोय बंद असल्याचा त्यावरचा दिवा लागल्याचं दोनदा पाहिलं.

नऊ पन्नास. शेवंतीने लाल बावटा धरला. गाडी थांबली, इंजिन चालूच राहिलं. मी बाबांचा उजवा हात माझ्या डाव्या हातात घेतला. तो ऊबदार होता.

"आता सांगा."

"बंद केलंस मा ता?" त्यांनी विचारलं. मी उत्तर द्यायच्या आत, वाकून, डाव्या हाताने त्यांनी बटण दाबलं. जुन्या सवयीने, सुरुवातीला गाडीत बसल्यावर दाबत तसं.

दिवा गेला.

इंजिन बंद झालं.

पाण्याचा आवाज थांबला. शेवंतीचा बावटा वाऱ्यावर फडफडत होता, तोही ऐकू येत नव्हता.

बाबा पायऱ्यांकडे बघत होते. शहाण्या मुलासारखं, ठरल्याप्रमाणे, ते म्हणाले, "जातंय."

मी विचार केला नाही. विचार करायला वेळ लागतो. त्या शब्दाला जे उत्तर चोवीस वर्षं ऐकलं होतं ते माझ्या तोंडून निघून गेलं.

"जातंय नाय बाबा, येतंय म्हणा."

ते माझ्याकडे वळले. हसले. या वेळी ते खिडकीकडे बघून बोलले नाहीत.

"येतंय हां, गो."

मी पाय उचलला.

इंजिन सुरू झालं. शेवंती हिरवा बावटा हलवत होती. माझ्या हातातला हात थंड होता. बोटं माझ्या बोटांभोवती घट्ट मिटलेली होती आणि उघडत नव्हती. गाडीचे गिअर हाताने बदलावे लागत नाहीत. मालवणपर्यंत मी एका हाताने चालवत गेले.

दवाखान्यात दोघांनी मिळून माझी बोटं सोडवली. डॉक्टरांनी बाबांची मान, कोपर, गुडघे हलवून पाहिले आणि मला विचारलं, "हे कधी गेले?"

"पंचवीस मिनिटं झाली."

त्यांनी बाबांचा ताठ हात पुन्हा वाकवून पाहिला. "ताई, निदान बारा तास झालेत. तुम्ही यांना इतका वेळ कुठे ठेवलं होतं?"

पडद्यावरचा आकडा मी गाडीकडे परतले तेव्हाच पाहिला. पंच्याऐंशी तासांवर तो थांबलेला नव्हता. व्हाळापासून मालवणपर्यंत इंजिन चालू होतं, तरी बंद वेळ सेकंदासेकंदाने पुढे जात होती.

लवूकाकांनी गाडी मसुऱ्यावरून घरी आणली. तेव्हापासून ती अंगणात उभी आहे. रोज सकाळी मी नुसती चावी फिरवते, इंजिन सुरू करत नाही, आणि आकडा वहीत उतरवते. पाच दिवस. आठ दिवस. मधल्या चोवीस तासांत गाडीला कोणी हात लावलेला नसतो. तरी तो बरोबर चोवीस तासांनी वाढलेला असतो.

आज सकाळी तो वाढला नाही. पडद्यासमोर मी दहा मिनिटं बसले. सेकंद हलले नाहीत.

गाडीचं पुस्तक मी पुन्हा काढून वाचलं. बंद वेळ मोजणं थांबायचं एकच कारण त्यात दिलेलं आहे: इंजिन सुरू होणं.

शेवटचं 'येतंय' बाबांनी मला सांगितलं होतं. मी बॉनेटवर हात ठेवला. ते थंड आहे.